वरकसावरची ऑस्ट्रेलियन बाभूळ : लाभ कोणाचा, भार कोणाचा?

दर पावसाळ्याच्या तोंडावर महाराष्ट्रात वृक्षारोपणाचे आकडे जाहीर होतात. २०१६ साली राज्य शासनाने २ कोटी रोपांचा संकल्प सोडला. २०१७ साली तो ४ कोटींवर, २०१८ साली १३ कोटींवर आणि २०१९ साली ३३ कोटींवर गेला. झाडे लावू नयेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु कोणते झाड, कोणत्या जमिनीवर आणि कोणाच्या उपयोगासाठी, हे तीन प्रश्न या आकड्यांच्या गर्दीत विचारले जात नाहीत. ते विचारले की हिरवाईचा हा विषय पाहता पाहता जमीन, मजुरी आणि मालकी यांच्या विषयापाशी येऊन पोहोचतो. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ऑस्ट्रेलियन बाभळीने नेमके हेच घडवून आणले आहे.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात किन्हवली हे बाजारपेठेचे गाव आहे. भोवतालची खेडी आणि पाडे कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी व महादेव कोळी यांचे आहेत. सखल भागात भाताची खाचरे, त्यांच्या वर उताराची मुरमाड जमीन आणि त्याही वर सरकारी जंगल, अशी येथील भूमीची साधारण ठेवण आहे. या मधल्या उताराच्या जमिनीला वरकस म्हणतात. ऑस्ट्रेलियन बाभळीचा प्रश्न हा मुख्यतः या वरकसाचा प्रश्न आहे.

झाडाचे गुण

आरंभी झाडाला न्याय दिला पाहिजे. शास्त्रज्ञ ज्याला अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस म्हणतात, तो हा वृक्ष उत्तर ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि इंडोनेशियाच्या काही बेटांचा रहिवासी. त्याच्या शेंगा कानाच्या आकाराच्या वळलेल्या असतात, म्हणून हे नाव. भारतात तो १९४६ साली पश्चिम बंगालमध्ये प्रथम लावला गेला. पुढे तो देशभर पसरला आणि कोकण व गोव्याच्या जांभ्या जमिनीत विशेष स्थिरावला. त्याला काटे नसतात. रोपाच्या पहिल्या काही दिवसांनंतर खरी पाने येईनाशी होतात आणि देठच चपटे, विळ्याच्या पात्यासारखे होऊन पानांचे काम करतात. झाड बारमाही हिरवे राहते, पिवळ्या फुलांच्या तुऱ्यांनी शोभिवंत दिसते आणि पाचसहा वर्षांत दाट सावली देते. रस्त्याच्या कडेला, वसाहतींच्या आवारात व शेतघरांच्या कुंपणालगत त्याची निवड होते ती या देखणेपणामुळे.

शोभेपलीकडेही त्याचे उपयोग आहेत. मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने ते हवेतील नत्र जमिनीत आणते. अतिशय आम्ल, धुपलेल्या, निकस जमिनीत जेथे दुसरे काही तग धरत नाही तेथे ते उभे राहते. गोव्यात खाणींच्या मातीचे उघडे ढिगारे झाकण्यासाठी त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली, ती या गुणामुळेच. चांगल्या जमिनीत हेक्टरी वर्षाला १५ ते २० घनमीटर लाकूड मिळते. धूप झालेल्या जमिनीतही ८ ते १२ घनमीटर मिळू शकते. म्हणजे सर्वांत कमी आकडा धरला तरी दहा वर्षांत हेक्टरी ८० घनमीटर लाकूड उभे राहते. त्याचे जळण उत्तम आहे. एका किलो लाकडापासून ४,८०० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता मिळते आणि निखारा टिकतो. गाभ्याचे लाकूड तपकिरी, टणक, चांगली झिलई घेणारे असते. त्यापासून टेबले, खुर्च्या, अवजारांचे दांडे होतात, आणि लगद्यासाठी ते कागद गिरण्यांनाही चालते.

दोषही ठाऊक असलेलेच आहेत. खोड पुष्कळदा वाकडे वाढते व बुंध्यापासूनच फाटते, त्यामुळे लांब सरळ फळी क्वचित मिळते. फांद्या ठिसूळ असल्याने वादळात मोडून पडतात. बुंध्याशी तोडल्यावर साग किंवा ऐन जसा जोमाने फुटतो, तशी ही बाभूळ फुटत नाही. गळलेल्या चपट्या देठांचा जाड थर लवकर कुजत नाही. त्या थराखाली आणि दाट सावलीखाली गवत व झुडपे वाढत नाहीत, आणि उन्हाळ्यात तोच थर वणव्याला निमंत्रण देतो. साग, ऐन, मोह ही येथील झाडे कोरड्या ऋतूत पाने टाकून पाण्याचा खर्च आवरतात. ही बाभूळ त्या महिन्यांतही हिरवीच असते. तिचे बी पक्षी नेतात आणि लावले नव्हते तेथेही ती उगवते.

गुणदोषांची ही यादी येथेच संपवून झाड चांगले की वाईट असा निवाडा करण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे. लाभ एकाच्या पदरात आणि दोष दुसऱ्याच्या माथी पडत असेल, तर त्यांची वजाबाकी करून निघणाऱ्या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही.

वरकस म्हणजे पडीक नव्हे

सरकारी कागदांत आणि शहरी नजरेत वरकस जमीन ‘पडीक’ असते. शेतकऱ्याच्या व्यवहारात ती तशी कधीच नव्हती. भाताचे खाचर आणि वरकस हे एकाच शेतीचे दोन अवयव होते. वरकसावर आलटून पालटून नाचणी, वरई पिकत असे. पावसाळ्यानंतर तेथे गवत कापले जाई. आणि तेथील ऐन, किंजळ यांच्या फांद्या छाटून राबाचे कवळ मिळत असे. भाताचे रोप टाकण्यापूर्वी त्या जागेवर शेण, कवळ, गवत आणि माती यांचे थर रचून ते भाजायचे, ही राबाची पद्धत. तिने तणाचे बी जळते, राख खत होते आणि पहिल्या पावसात रोप जोमाने उठते.

या राबावरून ब्रिटिश अमदानीत ठाणे जिल्ह्यात मोठा संघर्ष झाला. वनखात्याला झाडांची छाटणी म्हणजे नासधूस वाटे आणि शेतकऱ्याला कवळावाचून भात अशक्य वाटे. असंतोष एवढा वाढला की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला, आणि ठाणे जिल्ह्यातील राबाचे हक्क हा त्या आयोगापुढचा एक प्रमुख विषय होता. वरकसावर कोणते झाड असावे आणि त्याची फांदी कोणी तोडावी, हा वाद या जिल्ह्यात सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

गवताचे महत्त्व तर आजच्या पिढीला सांगावे लागते. मुंबईतील म्हशींचे तबेले ठाणे जिल्ह्याच्या डोंगरउतारांवरील गवतावर पोसले गेले. गवताची कापणी, बांधणी आणि वखारीपर्यंतची वाहतूक हे भाताच्या हंगामानंतरचे मोठे काम होते. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांनी वेठीविरुद्ध जो लढा उभारला, त्यात गवतकापणीची मजुरी ही एक मुख्य मागणी होती. ज्या कामाच्या मजुरीसाठी माणसांनी गोळ्या झेलल्या, ते गवत उगवणारी जमीन पडीक कशी म्हणता येईल?

याखेरीज वरकसावर ज्यांची मालकी नाही अशांचाही वावर होता. कातकरी बाई तेथून सुक्या काटक्यांची मोळी बांधून बाजारी विकत असे. ठाकराची पोरे करवंदे, जांभळे, पावसाळी रानभाज्या आणीत. भूमिहीनाची शेळी तेथे चरे. हे हक्क सातबाऱ्यावर कधी लिहिले गेले नाहीत. रूढीने ते चालत आणि जमीनमालकही सहसा हरकत घेत नसे, कारण त्याचे त्यात काही जात नव्हते.

जमाखर्चाची दुसरी बाजू

आता या जमिनीवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की काय होते, याचा हिशेब मांडावा.

तीन मीटरच्या अंतराने हेक्टरी सुमारे १,१०० रोपे बसतात. खड्डे, लावणी आणि पहिल्या दोनतीन पावसाळ्यांतील बेणणी एवढेच काम असते. त्यानंतर आठदहा वर्षे जमिनीवर कोणी राबायचे नाही. शेवटी ठेकेदार उभी झाडे अंगावर घेतो, आपली टोळी आणि यंत्रकरवत आणतो, काही दिवसांत रान मोकळे करतो आणि माल गाडीत भरून नेतो. मालकाला एकरकमी पैसा मिळतो. भरवशाचा पैसा मिळाल्याचे त्याचे समाधान खोटे नाही. लहरी पाऊस, महाग मजुरी आणि भाताचा न परवडणारा भाव यांनी पिचलेल्या शेतकऱ्याने हा मार्ग धरला तर त्याला दोष देता येणार नाही.

परंतु त्या आठदहा वर्षांत वरकसावरील नाचणी-वरईची कामे संपली, गवतकापणी संपली, राबाचे कवळ संपले, चराई संपली. या प्रत्येक बाबीच्या शेवटी एक माणूस आहे आणि तो बहुधा भूमिहीन किंवा अल्पभूधारक आहे. दिवाळीनंतर गावात काम उरत नाही, तेव्हा कातकरी कुटुंब उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जाते आणि पोरांची शाळा सुटते. या स्थलांतराला एकटी बाभूळ कारण आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र गावात उरलेले थोडे काम घटविणारी प्रत्येक गोष्ट त्याच वाटेवर ढकलते, हे निःसंशय.

भारतीय अर्थशास्त्राला हा हिशेब मांडण्याची पद्धत नवी नाही. धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची जी पाहणी केली आणि १९४८ साली पुण्याच्या गोखले संस्थेने जी प्रसिद्ध केली, तिचे वैशिष्ट्य हेच होते की कालव्याचा लाभ केवळ सरकारी पाणीपट्टीत मोजावयाचा नाही, तर शेतकरी, मजूर व संबंधित उद्योग यांच्यापर्यंत पोहोचणारे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष परिणाम मोजावयाचे. कालव्याला जो न्याय, तोच झाडाला लावला पाहिजे. लाकडाचे घनमीटर मोजायचे आणि बुडालेले मजुरीचे दिवस, गवताचे भारे व जळणाच्या मोळ्या मोजायच्याच नाहीत, असा जमाखर्च कोणताही हिशेबतपासनीस मान्य करणार नाही.

या न मोजलेल्या बाबी क्षुल्लक असतात असाही समज आहे. एन. एस. जोधा यांनी देशाच्या सात राज्यांतील कोरडवाहू खेड्यांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध केला. सामायिक जमिनी व रानांपासून गरीब कुटुंबांना मिळणारा आधार त्यांच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास जातो, असे त्यात आढळले. कोकणचा प्रदेश त्यांच्या पाहणीत नव्हता. पण रान जवळ आणि जमीन थोडी अशा भागात हा आधार नगण्य असेल असे मानण्यास काहीच कारण नाही.

गुरे खात नाहीत, हा गुण की दोष?

ही बाभूळ वनखाते, सामाजिक वनीकरण आणि दूरस्थ जमीनमालक या तिघांनाही एकाच वेळी प्रिय का झाली, याचे उत्तर तिच्या एका गुणात आहे. गुरे तिचा पाला खात नाहीत.

राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ च्या आपल्या अहवालात सामाजिक वनीकरणाचा पुरस्कार केला. खेड्याला जळण, चारा आणि किरकोळ लाकूड गावाच्या जमिनीवरच मिळावे, म्हणजे सरकारी जंगल उद्योगांच्या लाकडासाठी मोकळे राहील, अशी त्यामागची मांडणी होती. महाराष्ट्रात १९८२ साली सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते उभे राहिले आणि अमेरिकी सरकारच्या मदतीने कार्यक्रम सुरू झाला. कार्यक्रमाचे यश कशात मोजावयाचे? जगलेल्या रोपांच्या टक्केवारीत. ज्या रोपाला बकरी तोंड लावते ते मरते आणि टक्केवारी घसरते. ज्याला ती तोंड लावत नाही ते जगते आणि अहवाल चांगला होतो. अशा रीतीने चाऱ्यासाठी आखलेल्या कार्यक्रमात गुरांना निरुपयोगी झाडांची सरशी झाली. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. मोजमापाची फूटपट्टीच अशी होती की दुसरे काही घडणे कठीण होते.

दूरस्थ मालकाचेही तसेच आहे. मुंबई, ठाणे, कल्याण येथील पैसा गेल्या काही दशकांत शहापूर-मुरबाडच्या जमिनीत उतरला आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो, आणि त्याने या ओघाला आणखी जोर चढणार हे उघड आहे. अशा मालकाला जमीन हवी असते, शेती नको असते. राखण न करता वाढणारे, गुरांनी न खाल्लेले, वर्षभर हिरवे दिसणारे आणि कधीतरी लाकूड म्हणून विकता येणारे झाड त्याच्या दृष्टीने आदर्शच होय. जमिनीला तारेचे कुंपण पडते आणि सातबाऱ्यावर नसलेले सारे हक्क त्या दिवशी संपतात. तानसा आणि भातसा ही धरणे याच शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात तालुक्यातील पाड्यांवर टँकर फिरतात. वरकसाची गोष्ट त्याच वळणाने चालली आहे.

कायदा परक्या झाडाच्या बाजूने

शेतकऱ्याने ऐन, मोह, हिरडा का लावू नये, असा प्रश्न सभासंमेलनांत विचारला जातो. त्याचे पहिले उत्तर काळ हे आहे. मोहाच्या झाडाला भरात येण्यास माणसाची अर्धी पिढी जावी लागते. कर्जावर जगणाऱ्याला तेवढे थांबता येत नाही. दुसरे उत्तर मात्र कायद्याने निर्माण केले आहे आणि ते कायद्यानेच दूर करता येण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातील १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याची एक अनुसूची आहे. साग, ऐन, किंजळ, मोह, हिरडा, खैर, आंबा, फणस, जांभूळ अशी झाडे तीत आहेत. स्वतःच्या शेतातील असे झाड तोडायचे तर परवानगी लागते. ऑस्ट्रेलियन बाभूळ या अनुसूचीत नाही. आदिवासी खातेदाराच्या बाबतीत १९६९ चा आणखी एक कायदा आहे. व्यापाऱ्यांनी कवडीमोलाने झाडे लुबाडू नयेत म्हणून त्याची झाडे सरकारी यंत्रणेमार्फतच विकली जावीत, अशी त्यात तरतूद झाली. हेतू स्तुत्य होता, परंतु अर्ज, मोजणी, पंचनामा आणि मूल्यांकन यांच्या फेऱ्यांत गरीब आदिवासीची उमेद संपते आणि ज्या दलालापासून त्याला वाचवायचे त्याच्याच दारात तो जाऊन उभा राहतो.

यावर कळस चढविला तो खाजगी वने संपादन कायद्याने. ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातील खाजगी वने सरकारजमा झाली. ठाणे व रायगड जिल्ह्यांत याचा परिणाम फार खोल झाला. मोठ्या जमीनदारांची जंगले समाजाच्या मालकीची व्हावीत हे समाजवाद्यांना मान्यच होते. पण व्यवहारात लहान खातेदारांच्या वरकसावरही ‘वन’ असा शेरा पडला आणि तो काढण्यासाठी लोकांनी पिढ्या खर्ची घातल्या. आपल्या जमिनीत रानातली झाडे वाढू दिली तर जमीन जाते, असा धडा शेतकऱ्याने त्यातून घेतला. ज्या राज्यात देशी झाड वाढविणे हा धोका आणि परके झाड लावणे हा निर्धोक व्यवहार ठरतो, तेथे वृक्षप्रेमाची भाषणे वाऱ्यावरच जाणार.

इतरांचे अनुभव

एकाच जलद वाढणाऱ्या झाडावर भिस्त ठेवण्याचे परिणाम देशाने पूर्वी पाहिलेले आहेत. सुबाभळीचा मोठा गाजावाजा झाला. महाराष्ट्रात उरुळीकांचनच्या मणिभाई देसाई यांच्या संस्थेने तिचा हिरिरीने प्रसार केला आणि चारा म्हणून ती उपयुक्तही होती. १९८८ च्या सुमारास परदेशातून आलेल्या एका किडीने सुबाभळीवर धाड घातली आणि एकच वाण सर्वत्र लावण्यातील धोका दिसून आला. हरियाणा, गुजरात, उत्तर प्रदेश येथील शेतकऱ्यांनी निलगिरीच्या रांगा उभ्या केल्या. एकाच वेळी सर्वांचे लाकूड बाजारात आले तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस भाव कोसळले आणि पुष्कळांनी झाडे मुळासकट काढून टाकली.

शेजारच्या कर्नाटकाचा अनुभव तर अधिक बोलका आहे. १९८० च्या दशकात तेथील सरकारने एका खाजगी कारखान्याच्या भागीदारीत कंपनी स्थापून गावांच्या सामायिक जमिनी निलगिरीच्या लागवडीसाठी तिच्या हवाली केल्या. समाज परिवर्तन समुदायाने, ज्येष्ठ साहित्यिक शिवराम कारंत यांच्यासह, सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी धारवाड भागातील कुसनूर येथे गावकऱ्यांनी निलगिरीची रोपे उपटून त्या जागी लोकोपयोगी झाडांची रोपे लावली. ‘उपटा आणि लावा’ असेच त्या सत्याग्रहाचे नाव होते. १९९१ साली ती कंपनी गुंडाळावी लागली. २०१७ साली कर्नाटक सरकारने निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदीच घातली. ही बंदी प्रामुख्याने भूजलाच्या काळजीने आली. कुसनूरच्या लोकांचा प्रश्न मात्र आधी मालकीचा होता : गावाच्या जमिनीवर काय उगवावे हे ठरविणार कोण?

काही आक्षेप

या मांडणीवर तीन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की परके झाड म्हणून विरोध करणे हा संकुचितपणा आहे. हा आक्षेप योग्य आहे, पण येथे लागू नाही. काजू, मिरची, बटाटा हे सारे परदेशातून आले आणि कोकणच्या गरिबाने काजूला आपलेसे केले, कारण काजूचे बोंड त्याच्या हाती लागते आणि बी वेचण्याचे काम त्याच्या घरी येते. झाडाचे जन्मस्थान हा निकष नाही. त्याच्या फळाची आणि कामाची वाटणी हा निकष आहे.

दुसरा आक्षेप असा की राब ही काही फार शास्त्रीय पद्धत नव्हे, तिने ऐनाच्या झाडांची बोडकी खोडे झाली आणि शेणखतही जळून गेले. यात तथ्य आहे. राबाचे पर्याय शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलेच पाहिजेत. परंतु राबाची गरज संपली म्हणून गवताची, चराईची आणि मजुरीची गरज संपत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जळणासाठी कोसन्‌कोस हिंडणाऱ्या बाईला गावाजवळ चांगले सरपण देणारे झाड मिळत असेल तर त्याला नाके का मुरडावीत? वस्तुतः ऑस्ट्रेलियन बाभळीचे खरे समर्थन हेच आहे, आणि ते जेथे खरे होईल तेथे ती जरूर लावावी. दुर्दैव असे की कुंपणाआतील बाभळीचे लाकूड त्या बाईच्या चुलीपर्यंत पोहोचत नाही. ते ठेकेदाराच्या गाडीतून जाते. गळालेल्या काटक्या वेचण्याची मुभाही मालकाच्या मर्जीवर राहते.

काय करता येईल

तेव्हा मागणी झाडावर बंदीची असू नये. बंदीने एक नवा परवाना निर्माण होतो आणि परवान्याबरोबर एक नवा दलाल. मागण्या पुढीलप्रमाणे असाव्यात.

पहिली, सार्वजनिक पैशाने होणाऱ्या लागवडीत झाडांची निवड ग्रामसभेकडे असावी. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी येथील ग्रामसभांना हा अधिकार सांगण्यास पुरेसा आधार दिला आहे. गुरचरण आणि सामायिक जमिनीवर बाभूळ लावायचीच असेल तर ती उघड्या मुरमावर, खाणींच्या पडझडीवर, रस्त्यांच्या कापलेल्या दरडींवर आणि ठरावीक सरपणाच्या राखीव तुकड्यावर लावावी. तिचे लाकूड गावाच्या चुलीसाठी आहे असा ठराव आधी व्हावा.

दुसरी, लागवडीचे मोजमाप बदलावे. जगलेल्या रोपांबरोबरच त्या जमिनीवरून वर्षाला किती चारा, किती सरपण आणि किती दिवसांची मजुरी गावात राहिली, हे अहवालात आले पाहिजे. महाराष्ट्राने १९७२ पासून रोजगार हमीचा प्रयोग केला आणि १९९० पासून त्या योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली. आंबा-काजूच्या बागा त्यातूनच कोकणात पसरल्या. वरकसावर गवत, बांधावर बांबू आणि मधूनमधून मोह, हिरडा, आंबा, काजू अशी मिश्र लागवड रोजगार हमीतून करता येते. तिची पहिली काही वर्षे गवतावर व मजुरीवर निभावतात आणि पुढची फळांवर.

तिसरी, लहान खातेदाराने स्वतः लावलेल्या देशी झाडांना तोडीच्या आणि वाहतुकीच्या जाचातून मुक्त करावे, आणि अशी लागवड केल्याने जमिनीवर ‘वन’ असा शेरा पडणार नाही, अशी लेखी हमी महसूल खात्याने द्यावी. आदिवासींच्या झाडविक्रीचे मूल्यांकन ग्रामसभेसमोर आणि ठरावीक मुदतीत व्हावे.

चौथी, २००६ च्या वनहक्क कायद्यातील सामूहिक हक्कांचे दावे मार्गी लागावेत. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने २००९ साली हा हक्क मिळविला आणि २०११ साली आपल्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकारही मिळविला. ज्या गावाच्या हाती आपले रान आहे त्याला कोणते झाड लावावे हे बाहेरून सांगावे लागत नाही.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. कायदे बहुतांशी अस्तित्वात आहेत, योजना अस्तित्वात आहेत. अभाव आहे तो संघटित आग्रहाचा. किन्हवलीच्या बाजारात मोळी घेऊन येणारी बाई, गवताच्या हंगामाची वाट पाहणारा ठाकूर आणि वरकस ठेकेदाराला देऊन कर्ज फेडणारा कुणबी शेतकरी, हे तिघे एकाच व्यवहाराच्या तीन कोपऱ्यांत उभे आहेत. त्यांना परस्परांविरुद्ध उभे केले गेले तर बाभूळ वाढत राहील आणि लाभ चौथ्याच्याच पदरी पडेल. पहिल्या पावसापूर्वी रोपांच्या याद्या तयार होतात. त्या यादीवर ग्रामसभेची सही असावी, एवढ्या एका मागणीपासून या तिघांना एकत्र आणण्यास आरंभ करता येण्यासारखा आहे.